चालीखालचं नाव

मराठी गाणं तबकडीवर असो, कॅसेटवर असो की रेडिओवर, त्याच्यासोबत तीन नावं येतात: गीत, संगीत आणि स्वर. तिसऱ्या जागेवर बाईचं नाव ऐकायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यात वेगळं काही वाटत नाही. पहिल्या जागेवर शांता शेळके आहेत, इंदिरा संत आहेत, आणि त्यांच्या मागे थेट मुक्ताई-जनाईपर्यंतची ओळ आहे. दुसऱ्या जागेवर बाईचं नाव आलं की मात्र ऐकणारा क्षणभर थबकतो. भंडारा जिल्ह्यात आषाढ-श्रावणात धानाच्या बांधीत जे गाणं होतं त्याला तर या तिन्ही जागा नाहीत. तिथे एकच शब्द लिहून काम भागवलं जातं: पारंपरिक.

या पुस्तकाचा विषय ही दुसरी जागा आहे. स्त्रियांनी बांधलेल्या चाली, आणि त्या चालींखाली न लागलेली नावं. बायका गातात हे सांगायला पुस्तकाची गरज नाही. बायका चाल बांधतात, आजही बांधतात, आणि ते काम जाणीवपूर्वक केलेलं असतं, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आपण नेमकं काय गमावलं आहे हे कळायला बहिणाबाई चौधरींचं उदाहरण पुरेसं आहे. 1880 साली जन्मलेली ही खानदेशी शेतकरीण लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपाशी तिनं ओव्या रचल्या आणि त्या म्हणूनच रचल्या. तिच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी त्या लिहून ठेवल्या, 1951 साली ती गेली, आणि 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईची गाणी' महाराष्ट्राच्या हाती आली. हे आपलं भाग्यच. पण आज बहिणाबाई म्हटल्यावर आपल्या कानात जी चाल वाजते ती 1961 सालच्या 'मानिनी' चित्रपटातली असते. सुमन कल्याणपूर आणि आशा भोसले यांनी गायलेली, वसंत पवारांनी बांधलेली ती सुरेख चाल आहे, तिच्याबद्दल तक्रार असायचं कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. बहिणाबाई स्वतः कोणत्या गळ्यावर म्हणत होती? कुठे थांबत होती, कोणतं अक्षर लांबवत होती? ते कुणी टिपलं नाही. वहीत शब्द उतरले, चाल तिच्याबरोबर गेली. तिला कवयित्री मानायला आपण शिकलो, संगीतकार मानायचा विचारही कुणाच्या मनाला शिवला नाही.

लोकगीतांच्या संकलनातही बहुतेक असंच घडलं. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये हजारो ओव्या जमवल्या. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या मालेतून गावोगावची गाणी छापून काढली. या माणसांनी केलेलं काम डोंगराएवढं आहे, ते नसतं तर आज बोलायलाही काही उरलं नसतं. पण छापलेल्या ओवीला गळा नसतो. अपवाद ठरला तो पुण्यातून गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी उभारलेला जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प. त्यात लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, म्हणणाऱ्या बाईचं आणि गावाचं नाव प्रत्येक ओवीपाशी नोंदवलं गेलं, आणि बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं कित्येक ओव्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. 2017 पासून हा ठेवा 'पारी' या संकेतस्थळावर हप्त्याहप्त्यानं लोकांसमोर येतो आहे. एकच ओवी दोन गावांतल्या दोघींनी म्हटलेली तिथे ऐकावी. शब्द तेच असतात, चाल निराळी असते. हा फरक आपोआप पडत नाही. तो कुणीतरी पाडलेला असतो.

आता भंडाऱ्याकडे येऊ. वैनगंगेचं खोरं, मालगुजारी तलाव, आणि धान. 1999 साली गोंदिया वेगळा झाल्यावर उरलेल्या सात तालुक्यांतही धान हेच मुख्य पीक राहिलं. विदर्भाच्या पूर्वेकडची ही झाडीपट्टी, इथली बोली झाडीबोली, आणि तिच्यासाठी साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घातलं. दंडारीवर, खडी गंमतीवर, झाडीपट्टीच्या नाटकांवर थोडंफार लिहिलं गेलं आहे, कारण ती मंचावरची, मंडपातली कला आहे. रोवणीचं गाणं मंचावर चढत नाही. ते चिखलातच सुरू होतं आणि चिखलातच संपतं.

ते कसं चालतं हे जरा जवळून पाहायला हवं. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून त्यांच्या पेंढ्या बांधलेल्या असतात, चिखलणी झालेल्या बांधीत त्या ठिकठिकाणी फेकलेल्या असतात. बायका धुऱ्याला पाठ करून नव्हे तर धुऱ्याकडे तोंड करून ओळीनं उभ्या राहतात आणि वाकून रोवत मागे मागे सरकतात. डाव्या हातात पेंढी, उजव्या हातानं दोन-चार रोपं काढायची, अंगठा आणि बोटांनी चिखलात दाबायची, पुन्हा काढायची. डोक्यावर पाऊस असतो, पाठीवर प्लास्टिकची खोळ असते, पोट दुमडलेलं असतं. अशा अवस्थेत लांब श्वास मिळत नाही. म्हणून या गाण्यांच्या ओळी आखूड असतात आणि चाल चार-पाच सुरांच्या पलीकडे सहसा जात नाही. एक फळी ओळ टाकते, दुसरी फळी ती उचलते. ओळीच्या शेवटी 'वो बाई'सारखी एखादी हाक लांबवली जाते, आणि नेमक्या त्याच वेळी पाय चिखलातून ओढून मागे ठेवला जातो. ज्या फळीची पाळी नसते ती तेवढ्यात श्वास भरून घेते. टाळ नाही, ढोलकी नाही. लय ठरते ती पायाच्या ओढीवर आणि हाताच्या दाबावर.

संगीताच्या शाळेत याला रचनेचे नियम म्हणतात: आवाका किती ठेवायचा, ओळ कुठे तोडायची, सम कुठे आणायची, सवाल-जवाबात श्वासाची वाटणी कशी करायची. बांधीतल्या बाईनं हे नियम शरीरावरून काढले आहेत. रोजानं काम असलं तर गाणं ऐसपैस चालतं. ठेक्यानं एकरभर रोवायचं ठरलं की हात भरभर चालतो, शेवटची हाक आखडते, कधी गाणंच आटतं. म्हणजे मजुरीची पद्धत बदलली की चाल बदलते. संगीताच्या इतिहासात आपण दरबार आणि घराणं यांचा परिणाम शिकवतो, मजुरीचा परिणाम कुठल्या पुस्तकात शिकवला जातो?

अशा एखाद्या गटात गाणं टाकणारी एक असते. सगळ्यांना येतं ते तिलाही येतं, पण गाणं ओढून नेणं तिच्याकडे असतं. नवा शब्द आला, शेताच्या मालकिणीचं नाव आलं, गावात नव्यानं आलेल्या सुनेचं नाव आलं, की ते जुन्या मापात बसत नाही. ती तिथल्या तिथे एक सूर वाढवते किंवा मात्रा खाते, आणि पुढच्या फेरीला बाकीच्या ती दुरुस्ती उचलतात. कधी लग्नातल्या गाण्याची चाल रोवणीला आणते, तिचा वेग उतरवते. कधी भुलाबाईच्या गाण्यातला ठेका घेते. कधी सिनेमातल्या गाण्याचा मुखडा घेऊन त्याची तानबाजी काढून टाकते आणि खाली आपल्या ओळी बसवते. स्टुडिओत हेच करणाऱ्याला आपण संगीत दिग्दर्शक म्हणतो, त्याला मानधन देतो आणि पडद्यावर त्याचं नाव झळकवतो.

परंपरेतलं गाणं कुणी एकीनं रचलेलं नसतं, ते समूहाचं असतं, असं एक उत्तर यावर नेहमी दिलं जातं. ते अर्धं खरं आहे. समूह गाणं सांभाळतो, घासतो, गाळतो. पण बदल सुचतो तो एका डोक्यात, आणि तो पहिल्यांदा निघतो तो एका गळ्यातून. जुन्या साच्यात नवी वस्तू कशी ओतली जाते याचा पुरावा हवा असेल तर बाबासाहेबांवरच्या ओव्या पाहाव्यात. 1954 साली डॉ. आंबेडकर भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. मतमोजणीत हरलेला तो माणूस महाराष्ट्रभरच्या जात्यांवर, बायकांच्या ओव्यांत केव्हाच जाऊन बसला होता. सीता-रामाच्या ओवीच्या चालीवर भीमाची ओवी आली, आणि वजन बदललं तसं चालीचं वळणही बदललं. हे समूहानं केलं असं म्हणताना कुणा बाईनं ते आधी केलं होतं हे विसरता कामा नये.

विदर्भात अशी एक बाई आपल्याला नावानिशी ठाऊक आहे, आणि ती तेराव्या शतकातली आहे. महदंबा. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या लीलेच्या निमित्तानं तिनं धवळे रचले, रुक्मिणी-स्वयंवराचे. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी, आणि ती म्हणण्यासाठीच रचली गेली होती. मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिला मान मिळतो तो योग्यच आहे. महदंबेच्या महानुभाव पंथाचं आणि भंडाऱ्याचंही नातं जुनं आहे. चक्रधरांचे शिष्य नीळभट भांडारेकार इथलेच. पोथ्या लिहिणाऱ्या या पंथानं महदंबेचे शब्द प्राणापलीकडे जपले. पण लग्नघरात उभं राहून ते म्हणताना तिनं कोणती चाल धरली होती ते पोथीत मावलं नाही. तिला कवयित्री म्हणताना गीताची जागा आपण भरली आणि संगीताची जागा सातशे वर्षं मोकळी ठेवली.

ज्यांना नाव मिळण्याची सोय होती त्यांनीही ते कधी कधी झाकून ठेवलं, हे या विषयातलं सर्वांत बोलकं प्रकरण आहे. लता मंगेशकरांनी 1950 साली 'राम राम पाव्हणं' या चित्रपटाला स्वतःच्या नावानं संगीत दिलं. पुढे 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं' आणि 'तांबडी माती' या चार चित्रपटांना संगीत दिलं ते 'आनंदघन' या नावानं. 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन म्हणजे कोण ते लोकांसमोर आलं. त्या चित्रपटातलं लोहाराच्या ऐरणीचं गाणं आठवावं. भात्याचा आणि घणाचा ठेका धरून चाल उभी आहे, कामाच्या लयीवरच ती पुढे सरकते. देशातला सर्वांत ओळखीचा आवाज असलेल्या बाईला चाल बांधायची तर दुसऱ्या नावाआड जावंसं वाटलं. कारण काहीही असो, ते घडलं. युरोपात फॅनी मेंडेलसोनची सहा गाणी भाऊ फेलिक्सच्या नावानं त्याच्या संग्रहांत छापली गेली, त्याला आता जवळजवळ दोनशे वर्षं होतील. भूगोल वेगळा, पण दुसऱ्या जागेवरचा संकोच ओळखीचा आहे.

मंगेशकरांच्याच घरातल्या मीना खडीकरांनी मात्र स्वतःच्या नावानं काम केलं. 1961 सालच्या 'माणसाला पंख असतात'पासून त्या संगीतकार म्हणून उभ्या आहेत. त्यांची बालगीतं महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात गेली. भोलानाथाला पावसाबद्दल विचारणारं पाडगावकरांचं गाणं आणि चॉकलेटच्या बंगल्याचं गाणं मुलांना पाठ असतं, त्यांच्या आई-वडिलांना पाठ असतं. संगीत कुणाचं, हे विचारलं तर किती जण सांगतील? लहान मुलाच्या गळ्याला पेलेल अशी आणि तरी लक्षात राहील अशी चाल बांधणं ही अवघड कला आहे. आवाका मर्यादित, श्वास छोटा, ओळ आखूड. बांधीतल्या बाईपुढे असलेल्या अटींशी या अटी जवळून मिळतात.

रागसंगीतात परिस्थिती आणखी विचित्र होती. ख्यालाच्या बहुसंख्य बंदिशी नायिकेच्या तोंडी आहेत. सासू-नणंदेचा धाक, वाट पाहणं, रुसणं, सगळं तिच्या मुखानं. त्या रचणारे बहुतेक पुरुष होते. डॉ. प्रभा अत्र्यांनी स्वतःच्या बंदिशी बांधायला घेतल्या तेव्हा तो आवाज पहिल्यांदा तिच्याकडे परत आला असं मला वाटतं. त्यांची कलावतीतली बंदिश आज शिकणाऱ्या प्रत्येक मुलीच्या वहीत आहे. 'स्वरांगिनी'सारख्या पुस्तकांतून त्यांनी आपल्या रचना स्वरलिपीसह छापल्या, अपूर्व कल्याण, मधुरकंस, तिलंग भैरव असे राग बांधले. 13 जानेवारी 2024 रोजी त्या गेल्या, पण त्यांच्या रचनांना 'पारंपरिक' म्हणायची सोय त्यांनी ठेवली नाही. अश्विनी भिडे-देशपांड्यांनी 'रागरचनांजली'चे दोन भाग काढून तेच केलं. किशोरी आमोणकरांनी सोयराबाईंच्या अवघ्या रंगाच्या अभंगाला चाल दिली. चौदाव्या शतकातली चोखोबांची बायको आणि विसाव्या शतकातली जयपूर घराण्याची गायिका, यांच्यामध्ये कुणी पुरुष मध्यस्थ नाही. गीत, संगीत, स्वर, तिन्ही जागा बायकांच्या. पुढे गोविंद निहलानींच्या 'दृष्टी' या चित्रपटाचं संगीतही किशोरीताईंचंच होतं.

आणि आजच्या पिढीत इंदूरच्या मराठी घरातली स्नेहा खानवलकर. 'ओय लकी! लकी ओय!'साठी ती हरियाणात रागिणी ऐकत फिरली, 'गँग्स ऑफ वासेपूर'साठी बिहारात आणि थेट त्रिनिदादपर्यंत गेली. 'वुमनिया' या गाण्यासाठी तिनं रेखा झा आणि खुशबू राज यांचे आवाज घेतले, आणि लग्नघरात बायका बायकांसाठी गातात तो मोकळेपणा चित्रपटात आला. गाणाऱ्यांची नावंही लोकांपर्यंत पोचली. स्नेहासारखी कुणी रोवणीच्या दिवसांत भंडाऱ्यातल्या पवनी-लाखांदूरकडे आली तर तिला काय मिळेल याची कल्पना मी अनेकदा करतो. पण त्याहून मला हवी आहे ती लाखांदूरचीच मुलगी, जिच्या मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय आहे आणि जिच्या आजीला गाणं टाकता येतं.

या सगळ्यात कायद्याचाही हात आहे. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यात संगीतरचनेची जी व्याख्या होती तिच्यात चाल छापलेली किंवा लिहून काढलेली असावी अशी अट होती. 1994 च्या दुरुस्तीत ती अट गेली. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं, स्वरलिपी न येणाऱ्या बाईनं बांधलेली चाल कायद्याच्या लेखी संगीतरचनाच नव्हती. अट काढली गेली तरी सवय गेली नाही. लोकगीताची चाल घेऊन कुणी ध्वनिफीत काढली की संगीताच्या जागी 'पारंपरिक' लिहिलं जातं, आणि संयोजकाचं नाव मोठ्या अक्षरात येतं.

भंडाऱ्यात चाल बांधण्याचं हे काम आज कुठे चाललं आहे? रोवणीचं यंत्र काही गावांत आलं आहे. मजूर मिळत नाहीत म्हणून काही शेतकरी आवत्या टाकतात, म्हणजे धान थेट पेरतात, त्यात रोवणीच नाही. बांधीत गाणाऱ्या गटाऐवजी धुऱ्यावर ठेवलेला छोटा स्पीकर गातो हेही दिसतं. पण चाल बांधणारी बाई गप्प बसलेली नाही, ती दुसऱ्या जागी गेली आहे. गावोगावची महिला भजन मंडळं पाहावीत. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी आता बायकांच्या हातात आहे, ढोलकीही आहे. भजन स्पर्धा असली की नवं काहीतरी बांधावं लागतं. सिनेमातली चाल उचलून तिच्यावर भजन बसवणं सोपं असतं, आणि पुष्कळ मंडळं तेच करतात. पण काही मंडळांत ऐकताना चालीत मध्येच रोवणीची ती लांबवलेली हाक येते, एखादं वळण हळदीच्या गाण्यातलं निघतं. पोवार समाजात लग्नाच्या एकेका विधीची गाणी अजून बायकाच म्हणतात, पोवारी बोलीत, आणि मांडवात कोण आलं कोण नाही यावर ओळी जागच्या जागी जुळवल्या जातात. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर दिवाळीनंतर रात्र रात्र नाटकं रंगतात, वादक जिवंत साथ करतात, आणि एकेकाळी पुरुष करायचे त्या भूमिका आता बायका करतात. त्या गातात, नाचतात, गर्दी खेचतात. संगीताच्या जागी मात्र त्यांचं नाव क्वचितच असतं. ते का नसावं, हा प्रश्न मंडळं चालवणाऱ्यांना विचारायलाच हवा.

हे पुस्तक वाचून जो कुणी गाणी जमवायला निघेल त्याला काही गोष्टी आग्रहानं सांगतो. शब्द लिहून घेऊन परत येऊ नये, आवाज मुद्रित करावा. ओसरीवर बसवून म्हणायला लावलेलं गाणं आणि चिखलात वाकून म्हटलेलं गाणं यांत श्वासाचा फरक असतो, म्हणून शक्य तिथे कामाच्या जागीच जावं, आणि काम न अडवता जावं. रोजी बुडत असेल तर ती भरून द्यावी. ही चाल कुणाकडून आली, तू तिच्यात काय बदललंस, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. पहिल्याचं उत्तर आई, आजी, आत्या, माहेर असं चटकन मिळतं. दुसऱ्याला बायका आधी हसतात, मी काय बदलणार म्हणतात. मग दुसऱ्या गावची तीच ओवी त्यांना ऐकवावी. आमच्याकडे असं नाही, आम्ही इथे उतरतो, असं त्या लगेच सांगतात आणि गाऊन दाखवतात. ती जागा नीट टिपावी, आणि नाव लावू का असं तिला विचारून, तिनं हो म्हटलं तर तिचं पूर्ण नाव आणि गाव गाण्याखाली संगीत या शब्दापुढे लिहावं.